वरची दीड सप्तकं

ट्यूनर : आता पियानोची ही पट्टी ऐका, सर. कशी वाटते?

वादक : चोख.

ट्यूनर : आणि ही, तिच्या शेजारची?

वादक : तीही. तुमच्या हाताला तीस वर्षांत नावं ठेवली नाहीत, आज कुठे ठेवू?

ट्यूनर : या शेजारच्या पट्टीच्या तारा मी मगाशी मुद्दाम उतरवून ठेवल्यात. चांगल्या अर्ध्या सुराने. रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा तोंड वाकडं करील.

वादक : माझं लक्ष नव्हतं.

ट्यूनर : गेल्या खेपेलाही नव्हतं. त्याच्या आधीच्या खेपेलाही नव्हतं.

वादक : म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेताय?

ट्यूनर : घेतली, हो. चुकलं माझं. सरळ विचारायला जीभ रेटेना, म्हणून हा आडमार्ग. थांबा, आधी या तारा चढवतो. अशी बेसूर पट्टी उघडी ठेवून मला बोलायला सुचत नाही. हं. आता जरा इकडे येता? झाकण वर आहे तोवर बघून घ्या.

वादक : काय बघायचंय?

ट्यूनर : हातोड्या. चार वर्षांपूर्वी सगळ्यांना नवा लोकरी फेल्ट घातला होता आपण. या मधल्या बघा. तारांचे चर पडलेत, बोट फिरवलं तरी लागतात. आता इथून वर या. इथून पार टोकापर्यंत. एक तरी चर दिसतोय?

वादक : कोऱ्या आहेत.

ट्यूनर : कोऱ्या करकरीत. दीड सप्तक. माझे लावतानाचे ठोके सोडले तर चार वर्षांत यांनी तारेचं तोंड बघितलेलं नाही.

वादक : साहजिक आहे. मी बाख वाजवतो, स्कार्लाटी वाजवतो, हायडन वाजवतो. त्यांच्या काळी वाद्यंच आखूड होती. वर जायला त्यांना जागाच नव्हती.

ट्यूनर : तेच म्हणतोय मी. तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका माझ्याकडे एका खोक्यात आहे. परवा दुपारी काढून ओळीने मांडल्या. सहा वर्षांपूर्वी फ्रान्झ लिस्ट आणि रावेल. मग ते दोघं गेले, शोपँ राहिला. मग शोपँ गेला आणि मोझार्ट आला. आता बाख. लोक म्हणाले, सर मुळाकडे चालले. पेपरात छापून आलं, 'दागिने उतरवून ठेवलेला कलावंत'. मी ते कात्रण जपून ठेवलं, बायकोला वाचून दाखवलं.

वादक : मलाही आवडलं होतं ते वाक्य.

ट्यूनर : किती दिवस झाले, सर?

वादक : पाच वर्षं.

ट्यूनर : बापरे.

वादक : आधी अगदी टोकाचे चार-पाच सूर गेले. म्हणजे हातोडीचा ठोका ऐकू येतो, सूर नाही. दारावर कुणी नखाने टकटक करावं तसं. पुढे ते हळूहळू खाली सरकत आलं. मी त्याच्या पुढे पुढे सरकत गेलो. तुम्ही पत्रिका मांडल्यात ना, तोच माझा पळायचा रस्ता.

ट्यूनर : डॉक्टर?

वादक : दोन झाले. एकाने कानाचं यंत्र दिलं. ते घालून पियानोवर बसलो तर पत्र्याची पेटी वाजवतोय असं वाटलं. कपाटात आहे ते, मोज्यांच्या मागे.

ट्यूनर : वहिनींना माहीत आहे?

वादक : तिला एवढंच माहीत आहे की मी हल्ली फोनवर 'काय? काय?' फार करतो. आणि ते मी लग्नापासूनच करतो असं तिचं म्हणणं.

ट्यूनर : हसावं का रडावं कळत नाही.

वादक : कुणाला सांगणार आहात?

ट्यूनर : मी? कुणाला सांगू? कोणी काय वाजवावं हा ज्याचा त्याचा मामला. कुणी शूबर्ट घेतो, कुणी ब्राम्स. तुम्ही बाख प्रेमाने घेतला की भीतीने, हे विचारणारा मी कोण? पण सर, या पियानोवर दोघं जण बसतात.

वादक : मला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय.

ट्यूनर : तरी म्हणू दे. वर काही ऐकू येत नाही ते तुम्हाला. तुमच्या मुलीचे कान तर शाबूत आहेत. मग तिच्या बोटांनी वरच्या पट्ट्या का सोडल्या?

वादक : तिची निवड आहे ती.

ट्यूनर : निवड तुमची. तिने फक्त मान डोलावली. त्या दिवशी, नवा फेल्ट घालायच्या जरा आधी, मी इथेच होतो, पेडल दुरुस्त करत पियानोखाली आडवा. तिची स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि ती रावेल वाजवत होती. मी हातातला पाना बाजूला ठेवून दिला, आवाज व्हायला नको म्हणून. आणि तुम्ही म्हणालात...

वादक : आठवतंय मला.

ट्यूनर : तुम्ही म्हणालात, 'ही नुसती काचेची भांडी आहेत. आत प्यायला काही नाही.'

वादक : आठवतंय म्हटलं ना!

ट्यूनर : दुसऱ्या दिवशी तिने स्पर्धेतून नाव काढलं. आता शाळेत संगीत शिकवायची नोकरी धरतेय.

वादक : शाळेत शिकवणं कमीपणाचं नाही.

ट्यूनर : मुळीच नाही. शाळांचे पियानो मीच लावतो. पण परवा ती मला काय म्हणाली सांगू? 'काका, माझ्यात काही नव्हतंच. बाबांनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर फुकट झिजले असते.' हे ऐकून घरी गेलो. तेव्हा कुठे मी ते पत्रिकांचं खोकं खाली काढलं.

वादक : दार वाजलं का?

ट्यूनर : वाजलं. तीच आहे.

मुलगी : काका, तुम्ही अजून इथेच? मला वाटलं, तुमचं केव्हाच आटपलं असेल. बाबा, चहा टाकू?

वादक : चहा नको. बस जरा.

मुलगी : बूट तरी काढू दे. शाळेतूनच येतेय. सोमवारपासून ये म्हणाले.

वादक : होकार देऊन टाकलास?

मुलगी : सही करून आले. का? आणि चेहरे का असे तुमचे? पियानोत काही तुटलं का?

वादक : पियानो ठीक आहे. मला ऐकू येत नाही.

मुलगी : मोठ्याने बोलू?

वादक : तुझं बोलणं येतं. पियानोचं वरचं येत नाही. पाच वर्षं झाली.

मुलगी : पाच.

वादक : हो.

मुलगी : पाच म्हणजे... मी रावेल बसवत होते त्याच्याही आधीपासून.

वादक : हो.

मुलगी : मग त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं?

वादक : तुझा डावा हात. आणि वर लाकडाची टकटक.

मुलगी : आणि त्यावरून तुम्हाला वाटलं, मी वाईट वाजवतेय?

वादक : तसं वाटलं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मला कळत होतं. तुझे हात दिसत होते ना मला. इतके मोकळे हात मी स्वतःचेही कधी पाहिले नव्हते. आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. वाटलं, आता घरात रोज हे वाजणार आणि रोज मी असा दगडासारखा बसणार. मला ते सोसेना. म्हणून ते वाक्य बोललो. वाटलं, तू भांडशील. एरवी सगळ्यावर भांडायचीस.

मुलगी : त्यावर नाही भांडले. तुमच्या कानावर माझा विश्वास होता, बाबा.

ट्यूनर : मी निघतो बरं का.

मुलगी : नाही काका, तुम्ही बसा. तुम्ही गेलात तर मी काहीतरी भलतंच बोलून बसेन.

ट्यूनर : बसतो.

मुलगी : चार वर्षं मी हायडन वाजवतेय. लोक म्हणतात, नीटनेटकं वाजवते. नीटनेटकं इस्त्रीच्या कपड्यांना म्हणतात, काका. एकदा वाजवून आले की त्या सभागृहातून पुन्हा बोलावणं येत नाही. घरी येऊन मला वाटायचं, बाबांना हे आधीच दिसलं होतं, केवढी नजर आहे त्यांची! आणि बाखकडे वळताना केलेलं ते तुमचं भाषण? 'कमी सुरांत जास्त'? मी टाइप करून दिलं होतं ते. शुद्धलेखन तपासून.

वादक : ते बोलता बोलता मलाच खरं वाटायला लागलं.

मुलगी : सगळं खोटं होतं?

वादक : सगळं नाही. बाखकडे मी भिऊन गेलो, पण गेल्यावर तो माझा झाला. आता सगळे सूर परत मिळाले तरी मी त्याला सोडणार नाही. माझ्यापुरतं ते खरं आहे. तुझ्या गळ्यात बांधलं, ते पाप माझं.

मुलगी : एकदा तरी सांगायचंत. स्पर्धेनंतर, वर्षभराने, कधीही.

वादक : दर महिन्याला ठरवायचो. तू हायडन घेऊन बसायचीस, तो मला नीट ऐकू यायचा आणि मी म्हणायचो, आजचा दिवस जाऊ दे. तुझं वाजवणं ऐकता यावं म्हणून मी तुला लहान करून ठेवलं.

मुलगी : हे असं बोलू नका. असं बोललात की मला तुमची दया येते, आणि आज मला ती येऊ द्यायची नाही.

वादक : पंधरा दिवसांवर कार्यक्रम आहे माझा. दुसरा भाग तू घे. रावेल वाजव. मी मंचावरून सगळ्यांना सांगतो.

मुलगी : नको.

वादक : अगं, पण...

मुलगी : तुम्ही चार लोकांत कबुली देणार आणि तिच्या मागून मी वाजवायचं? नको मला ती जागा. आणि बघा ना, मी काय वाजवायचं ते आजही तुम्हीच ठरवताय.

वादक : खरं आहे.

मुलगी : नोकरी मी करणार आहे. तुमच्यामुळे धरली हे खरं, पण मुलं मला आवडली. एक दात पडलेली पोरगी मला विचारत होती, काळ्या पट्ट्या दुखऱ्या असतात का म्हणून.

ट्यूनर : काय सांगितलंस?

मुलगी : म्हटलं, हळू दाबल्या तर नाही दुखत. बाबा, आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार, आणि कानाचं यंत्रही तिच्यासमोर काढून ठेवायचं. यंत्र दिलं असेलच ना डॉक्टरांनी?

वादक : दिलंय. ती बाजारातून आली की सांगतो.

मुलगी : काका, वरचं सगळं लागलंय?

ट्यूनर : लागलंय. आवाज जरा दबका येईल, फेल्ट नवा आहे तिथे.

मुलगी : बाबा, सरका. स्टूल द्या मला.

वादक : मी बाहेर जाऊन बसू का?

मुलगी : इथेच बसा. फक्त वाजवून झाल्यावर काही म्हणू नका. चांगलंही नको, वाईटही नको.

वादक : नाही म्हणणार.

मुलगी : बरंचसं विसरलेही असेन.

(ती रावेल वाजवू लागते. दोघे खिडकीपाशी बसून राहतात.)

वादक : वर गेली का आता?

ट्यूनर : गेली.

वादक : अडखळतेय?

ट्यूनर : दोनदा अडखळली. बोटं गंजलीत.

वादक : आणि बाकी? बाकी कसं येतंय?

ट्यूनर : थांबा सर. ऐकू द्या.