दोघांनी जायचं

आजच्या या समारंभाच्या अध्यक्ष, ज्यांच्यासमोर उभं राहिलं की माझे हात अजूनही आपोआप मागे जातात त्या आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका मोठ्या बाई. व्यासपीठावर विराजमान असलेले सरकारी विभागाचे साहेब. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते आमचे वकीलसाहेब, शेजारी बसलेल्या वहिनी. आणि सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

पहिल्यांदा एक खुलासा. कार्यक्रमाची सुरुवात पुष्पगुच्छानं व्हायची होती, ती झाली नाही. सूत्रसंचालकांनी घामाघूम होऊन दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्यांचा दोष नाही. पुष्पगुच्छ आहे, ताजा आहे, आणि तो कुठे आहे हे मी शेवटी सांगणार आहे. तोवर वकीलसाहेबांनी आणि वहिनींनी मला सांभाळून घ्यावं.

वकीलसाहेबांबद्दल मी काय बोलावं? मी खाटा करणारा माणूस. लोखंडी खाटा, दुमजली खाटा, वसतिगृहांच्या, दवाखान्यांच्या. शाळेत गेलो तो वरवर. वयाच्या पंधराव्या वर्षी ज्या कारखान्यात हातोडा धरला, त्याच कारखान्यात रिकाम्या पोत्यांवर झोपत होतो. मालक भला होता, किल्ली माझ्याकडे ठेवायचा. पुढे कारखाना माझा झाला, पण पोती मी बरीच वर्षं फेकली नाहीत. बायको म्हणायची, प्रदर्शन मांडायचंय का? तिला काय सांगणार?

एके दिवशी वकीलसाहेब माझ्या दारात आले. मला वाटलं, कुणीतरी नोटीस पाठवली. ते एका स्टुलावर बसले, ते स्टूल डगमगत होतं, तरी तक्रार केली नाही, आणि मला विचारलं, तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे असताना कुठे झोपायचात? मला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. काय खायचास, किती कमवायचास, सगळं विचारलं होतं. झोपायचास कुठे, हे नाही. त्या प्रश्नावर मी त्यांचा झालो. हे मी आजही नाकारत नाही.

मग समिती उभी राहिली. घर सुटलेल्या, घरानं सोडलेल्या मुलामुलींसाठी निवारा हवा, सोळा ते एकवीस वयाच्या. लहानांसाठी काहीतरी असतं, म्हाताऱ्यांसाठी काहीतरी असतं. हे मधले मात्र कुणाच्याच खात्यात बसत नाहीत. आणि ते दिसतही नाहीत. ती मुलं पाठीवर दप्तर घेऊन, केस विंचरून आपल्या शेजारून जातात. आपल्याला वाटतं, क्लासला निघालीत.

आमच्या समितीत एक मुलगी होती. आम्ही तिला खारूताई म्हणतो, कारण तिच्या खिशांत सगळं असतं: दात घासायचा ब्रश, साबणाचा तुकडा, चार्जर. सावत्र वडिलांनी दार लावून घेतलं आणि आईनं आतून उघडलं नाही. ती मोठ्या हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहात बसायची, पेशंटच्या नातेवाइकांमध्ये. कुणी विचारलं तर सांगायची, आजी आत आहे. दर दोन-तीन दिवसांनी मजला बदलायचा, त्यामुळे आजीचा आजारही बदलायचा. हाडांच्या मजल्यावर आजी पडलेली, हृदयाच्या मजल्यावर आजी बायपासला. एका बाईनं तर हिला जवळ घेऊन धीर दिला, बाळ, म्हातारं माणूस आहे, मनाची तयारी ठेव. हे सांगताना खारूताई हसायची. पुढे म्हणायची, "काका, मला खरंच रडू आलं हो. आजी नसून."

ते 'काका' म्हणजे वकीलसाहेब. आम्हां बाकीच्यांना ती नुसतं 'अहो' म्हणते.

वकीलसाहेबांनी समितीला एकच नियम घालून दिला होता. विभागात जायचं तर दोघांनी जायचं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. बोलणाऱ्याला आपलंच बोलणं गोड लागतं, समोरचा काय कबूल करून घेतोय ते त्याला ऐकू येत नाही, असं ते म्हणायचे. बोलणारे अर्थातच ते. ऐकणारा मी. माझे कान बरे आहेत. घणाच्या आवाजात वाढूनही शाबूत राहिले. जिना उतरताना मी त्यांना सांगायचो, साहेब, ते अधिकारी 'बघू' म्हणाले तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं, आजचं काही खरं नाही. वकीलसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. किती जिने उतरलो असू आम्ही, कुणास ठाऊक. पण दोघं.

आणि इमारत मिळाली. तीच ही. आपण वरच्या मजल्यावर बसलोय, खाली निवारा आहे. खाटा माझ्या. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले, त्यात मी डावीकडून अर्धा आलोय.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. नवी खाट दिली की महिन्याभरानं आम्ही परत जातो. माणसाच्या वजनानं, कूस बदलण्यानं सांधे सैल होतात, नट पुन्हा आवळावे लागतात. खाट करकरायला लागते, मग लोकच फोन करतात. इथून फोन आला नाही. मी मनाशी खूश झालो, म्हटलं काम चोख झालं. तरी पद्धत म्हणून पाना घेऊन आलो. पहिल्या खाटेचा नट फिरेना. दुसरीचा फिरेना. गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच. मागे दारात निवाऱ्याचे अधीक्षक उभे होते. म्हणाले, "अहो, कुणी झोपतच नाही त्यांच्यावर, आवळताय काय?"

मी विचारलं, मुलं येत नाहीत? म्हणाले, येतात की, रोज येतात. पण नियम आहे. आई, वडील किंवा कायदेशीर पालक सोबत हवा. त्याशिवाय प्रवेश नाही.

मंडळी, आपण जरा थांबून याचा विचार करू या का? ज्याला घर नाही त्यानं घरून माणूस घेऊन यायचं. जिनं आतून दार उघडलं नाही, तिलाच हाताला धरून आणायचं आणि म्हणायचं, आई, मला इथे ठेव. खारूताई पहिल्याच दिवशी आली होती, ब्रश खिशात. तिला सांगितलं, पालकांना घेऊन ये. ती म्हणाली, "ते आले असते तर मी आले असते का?" आणि परत आजीकडे गेली. मजला आठवत नाही.

तिला वाटलं, अधीक्षकांची काहीतरी चूक झाली. काकांना कळलं की ते बघतील. मलाही तसंच वाटलं. मी तडक विभागात गेलो, एकटा, नियम मोडून. तिथल्या शिपायाशी आमची जुनी ओळख. तो म्हणाला, ती अट ठरली त्या बैठकीला तुमचे वकीलसाहेबच होते ना? तुम्ही दिसला नाहीत त्या दिवशी, मला वाटलं आजारी आहात.

मी आजारी नव्हतो. त्या दिवशी सकाळी मला निरोप आला होता, बैठक पुढे ढकलली. निरोप वकीलसाहेबांचा होता.

वकीलसाहेब, तुम्ही मान खाली घालू नका, हे मी तुमच्या घरी येऊन तुम्हाला आधी बोललोय, वहिनींनी चहा दिला होता. तुम्ही म्हणालात, अट नसती तर इमारत नसती. असेल. मला कायद्यातलं कळत नाही. मी विचारलं, मग मला का नेलं नाहीत? तुम्ही म्हणालात, "तू गप्प बसला नसतास." साहेब, इतकी वर्षं माझं कामच गप्प बसण्याचं होतं. तुम्हाला माझ्या बोलण्याची भीती नव्हती. ऐकण्याची होती.

आता तुम्ही सरकारच्या वरच्या सल्लागार मंडळावर निघालात. युवकांच्या प्रश्नांवर तिथे तुमचा शब्द चालेल, आणि त्याचा मला आनंद आहे, खोटं नाही बोलत. हे पद कुठल्या बैठकीत ठरलं ते मी विचारत नाही. माझे कान आहेत, पण प्रत्येक गोष्ट ऐकायलाच हवी असं नाही. मला दुखतंय ते एवढंच, की ज्या माणसानं मला झोपायचात कुठे असं विचारलं, तो माणूस त्या मुलीला हे विचारायला विसरला. विसरला म्हणतो. दुसरा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

आज पुष्पगुच्छ खारूताईनं द्यायचा असं ठरलं होतं. तिनंच मागून घेतलं होतं. तिला हे माइकवरून कळू नये म्हणून सकाळी मी सगळं सांगितलं. बराच वेळ ती खिशातल्या वस्तू चाचपत राहिली. मला वाटलं, निघून जाईल. म्हणाली, "देते की. पण वर नाही. खाली देते, दारात."

तेव्हा ती खाली उभी आहे. पुष्पगुच्छ तिच्याकडे आहे. अधीक्षकही आहेत. ते सज्जन आहेत, नियमानं वागतात, आणि ती आत पाऊल टाकू लागली की ते काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही ते अजून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नाही. विभागाचे साहेबही चहाला खालीच येणार आहेत. अट काढायला किती बैठका लागतील मला माहीत नाही. पहिली आज, तिथेच होऊ द्या.

मी आपल्या सर्वांचा वेळ घेतला. मोठ्या बाईंनी घंटी समोर असूनही वाजवली नाही, याबद्दल त्यांचे आभार. साहेबांनी, वहिनींनी आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. लोखंड ठोकणाऱ्याची जीभ आहे, कुठे जास्त जोरात बसली असेल तर पोटात घाला.

चला वकीलसाहेब. जिना तोच आहे. तुम्ही बोला, मी ऐकतो.