व्हर्नाबाईंची पीस लिली

जानेवारीतल्या एका सकाळी चर्चमधून परस्पर निघून डोरीन बर्फाळ डुलुथ शहरातल्या रोपवाटिकेत आली आणि रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे व्हर्नाबाई होत्या. लोकरीच्या शालीत गुंडाळून आणलेली कुंडी त्यांनी दुकानदार हार्लनपुढे ठेवली.

“पीस लिली आहे. यांच्या अंत्यविधीला आली होती. बाकीची फुलं आठवड्यात गेली, ही एकटी राहिली. आता हीसुद्धा मान टाकतेय.”

“पाणी जास्त होतंय का?”

“रविवारी एक पेला, मोजून. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“मग माती एवढी ओली कशी? आणि हा वास कसला, कॉफीचा?”

“तो यांचा कप.”

“म्हणजे?”

“सकाळी दोन कप होतात. माझा मी पिते. यांचा गार होतो, पण सिंकमध्ये ओतवत नाही. मग हिला घालते.”

“साखरेसकट?”

“यांना फिकी चालायची नाही.”

“अहो, एवढे लाड माझी बायकोही करत नाही माझे. मुळं कुजायला लागलीत. माती बदलून देतो, जगेल ती. पण कॉफी बंद. उद्यापासून एकच कप करायचा.”

“एकच?”

“एकच, व्हर्नाबाई.”

“पन्नास वर्षं दोघांचीच केलीय हो. एका माणसाला पूड किती लागते?”

हार्लन मुळांवरची माती झटकत राहिला. मागून डोरीनच म्हणाली,

“दीड चमचा. मला एकटीला तेवढी पुरते.”