मधल्या खोलीतला डबा

मंडळी, देणारा भरभरून देतो, घेणारा पदर पसरून बसलेला — मग घास अडतो कुठं? सांगा की! गप्प का? मग ऐका.

अकोल्याकडं डोंगराच्या पायथ्याला इंदूबाईंचं घर. एकापाठी एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत नवरा सोपानराव आणि त्यांचा वायफायचा डबा. मध्ये इंदूबाईंचं स्वयंपाकघर आणि देव्हारा. मागं धाकटी जाऊ, कमळ. वायफाय तिथवर पोचत नाही, अन् मोबाईलला तर रेंजच नाही!

जावांचं बोलणं बंद. का? इंदूबाईंच्या लेकाच्या लग्नात कमळला मानाची साडी हलकी मिळाली, अन् ती चार बायकांत बोलली. झालं! हसू नका, तुमच्या कपाटातही अशी एखादी साडी असेल.

पुढं कमळचा पाय मोडला. पायाला वजनं टांगलेली, खाट हलवायची नाही. आणि पुण्यात लेकीच्या बाळाचं बारसं! तिचे मालक बारशाला पुण्याला गेले, ही अंथरुणावर. पहिला नातू — फोनवर तरी बघू दे, एवढंच मागणं.

सोपानराव दुसरा डबा घेऊन आले. ठेवला थेट कमळच्या उशाशी. दिवा लागला — चित्र काही येईना! दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, तो पुढच्या डब्याकडून घेतो अन् मग देतो. तिथं त्यालाच काही पोचत नाही, तर तो देणार काय? मधल्या खोलीत ठेवा!"

मधल्या खोलीत! इंदूबाई कडाडल्या, "माझ्या देवाशेजारी? मुळीच नाही!"

मंडळी, देवाची काही तक्रार होती का हो?

तेवढ्यात मागून कमळचा आवाज आला, "राहू द्या दादा. अक्कांना नको तर नको. बाळाचं नाव तेवढं मागनं सांगा मला."

अक्का! किती दिवसांनी ही हाक! इंदूबाईंच्या हातातली पळी थांबली. आपण दिवा लावतो, नैवेद्य दाखवतो, आणि भिंतीपलीकडं एक आजी नातवाच्या तोंडाला मुकतेय — आपल्यापायी! स्वतःचीच लाज वाटली त्यांना. उठल्या, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरचे डाळींचे डबे उतरवले, फळी पुसली. "आणा इकडं! बघत काय बसलात?"

डबा बसला. मागच्या खोलीत फोन वाजला — आणि पाळणा दिसला हो! "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" आत्या बाळाच्या कानाशी वाकली. कमळ हसतेय, रडतेय, नाक पुसतेय.

दारात इंदूबाई. हातात वाटीभर घुगऱ्या. "बारसं कोरडं का करायचं? सरक जरा, मलाही बघू दे तुझा नातू."

"या ना अक्का," कमळ म्हणाली, "डोळे अगदी आपल्या मामंजींचे आहेत बघा!" आणि दोघी एका उशीला टेकून बघत बसल्या.

कळलं का मंडळी, घास कुठं अडतो? मधल्या खोलीत! देवानं तुम्हाला पोटभर दिलंय. पण तुमच्या पलीकडं कुणीतरी वाट बघतंय — भाऊ असेल, जाऊ असेल, म्हातारी आई असेल. घरी गेल्यावर देवाला हात जोडण्याआधी त्यांच्या दारात जा, आणि नावानं हाक मारा. तेवढं केलंत, तर माझं कीर्तन पोचलं म्हणायचं!