कानामागची तांब्याची वेल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले निवृत्त होणारे चित्रकलेचे सर, सहकारी शिक्षक, पालक आणि मागे उभं राहून कुजबुजणारे विद्यार्थी,

हे भाषण मुख्याध्यापक करणार होते. सकाळी त्यांचा घसा बसला आणि पर्यवेक्षिका म्हणून ते माझ्यावर आलं. लिहून आणलं आहे. न लिहिता बोलले की मी रागावते, असं घरचे म्हणतात.

सरांनी नववीला सांगितलं होतं, "मी कोण, हे सांगणारा एक दागिना स्वतःच्या हाताने घडवा." शाळेत दागिन्यांना बंदी आहे, हे सरांना ठाऊक नव्हतं का? होतं. शिंपीकाकांच्या मुलाने टिचबटणांची साखळी केली. ठीक.

त्याच वर्गात एक मुलगी होती. तिला कमी ऐकू येतं. तिची आई माझ्यापुढे रडकुंडीला आली होती. "बाई, कानाचं यंत्र लावून घरातून निघते आणि कोपऱ्यावर काढून दप्तरात टाकते. अशाने शाळा सुटेल हो हिची!"

या मुलीने यंत्रावरच तांब्याच्या तारेची वेल गुंडाळली. सरांनी पसंत केली. कानाला लावली मात्र, यंत्र कुकरसारखं शिट्टी मारू लागलं! आवाज आत जायचं भोकच तारेखाली गेलं होतं, आणि ते सरांच्याही लक्षात आलं नव्हतं. वर्ग खो खो हसला. तिने यंत्र ओरबाडून बाकावर टाकलं.

सर काहीतरी बोलले.

"काय?" ती म्हणाली.

"यंत्र लाव, मग सांगतो," सरांनी खुणेने सांगितलं.

तिने तार उलगडली आणि सगळ्यांदेखत यंत्र कानाला लावलं. "हं, सांगा."

"भोक सोडून गुंडाळ. चूक माझीही आहे."

दुसऱ्या दिवशी ती केस वर बांधून, कानामागे नव्याने गुंडाळलेली वेल दाखवत माझ्यासमोर उभी. मी म्हटलं, "दागिना काढ."

"काढला तर तुम्ही काय रागावताय ते कळणार नाही, बाई."

"वर्गात जा," मी म्हटलं. नियम मी बदललेला नाही.

संयोजकांचे आभार. कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द कडक पडला असेल, तर पोटात घाला.

आता कामाचं. सरांनी आज माझ्या ताब्यात दिलं ते असं: कपाटाची किल्ली, पकडी, कातऱ्या, तांब्याच्या तारेचं अर्धं भेंडोळं. मुलांचे दागिने मागितले, तर म्हणाले, "ते मुलांच्या अंगावर आहेत." मिळाले नाहीत, असं लिहून मी सही केली आहे.