माफी कुठल्या लिस्टवर?

— नाही नाही, उठू नका काकू, माझा पोरगा गाडीत झोपलाय, माझ्या बोलण्यानं उठत नाही — गप्प बसले की उठतो, खरंच — आणि आमच्या ऑर्हुस शहराची ही बाहेरची थंडी नाकाला लागली नाही तर त्याला झोपच नाही. तुम्ही विणताय म्हणून तर तुम्हाला सांगतेय. आमच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये छातीचं माप घालायचं, लोकर कुठली ते सांगायचं, की स्वेटरचा अख्खा नमुना टाक्याटाक्यानं तयार. फुकट. देशोदेशीची माणसं मिळून चालवतात, कोणी कोणाला पाहिलेलं नाही, सगळं बोलणं मेलवर — तीन लिस्ट आहेत, एका लिस्टवर मेल टाकला की तिथल्या सगळ्यांना जातो. एक विणणाऱ्यांची, एक प्रोग्राम लिहिणाऱ्यांची, एक भाषांतरवाल्यांची. आणि पहिला नियम कुठला? एकच गोष्ट तीनही लिस्टवर टाकायची नाही. एक जागा निवडा, तिथं विचारा, वाट बघा. हे नव्या माणसांना कोण समजवायचं? मी. बाळंतपणाच्या आधी मीच. गोड शब्दांत, शेवटी एक हसरा चेहरा टाकून. — मग काल तिन्हीकडे कोणी टाकलं? हो. मीच.

अहो, साधी गोष्ट होती. आस्गेरसाठी — हा, बाबागाडीतला — स्वेटरचा नमुना काढत होते, बघते तर डाव्या बाहीचे टाके भलत्याच बाजूला कमी होतायत, त्या बाहीत हात घालायचा तर खांदा पाठीवर हवा. आणि नवी आवृत्ती आज संध्याकाळी बाहेर पडणार! म्हणून टाकला मेल. तिन्हीकडे वेगवेगळा, म्हणजे एका लिस्टला दुसरीचा पत्ताच नाही. मग काय व्हावं? प्रोग्रामवाल्यांकडे अक्सेलनं उत्साहानं बाही उलटवली. विणणाऱ्यांकडे गुद्रुन, आइसलंडची, तिला प्रोग्रामही येतो — तिनंही उलटवली. दोनदा उलटवलेली बाही कुठे जाते? बरोबर, होती तिथंच! आणि दोघं भांडतायत, "मी तर नीट केलं होतं, हात कोणी लावला?" तोवर भाषांतरवाल्यांतल्या एका सज्जनानं पोर्तुगीजमध्ये डाव्या बाहीला उजवी म्हणून प्रश्नच मिटवून टाकला. आणि तोर्किल्ड, आमचा म्होरक्या — त्याचा मेल एका ओळीचा. "दित्ते, हे तू?" बस. सोमवारी माझी रजा संपते, आणि विणणाऱ्यांची लिस्ट तो माझ्या हाती सोपवणार होता. होता, म्हणते मी. आता कोण सोपवतंय? एस्बेन म्हणतो, "माफी माग आणि मोकळी हो." नवऱ्यांचं बरं असतं. मागते हो माफी, पण कुठे? एका लिस्टवर मागितली तर बाकीच्या दोन म्हणणार, आमचं काय? तिन्हीकडे मागितली तर पुन्हा तेच पाप! — हसताय? हसा.

घाईत झालं, असं लिहिणार होते तोर्किल्डला. झोप नाही, घाई होती, वगैरे. पण घाई कुठली, काकू? पोर झोपलेलं, कॉफी गरम — गरम! — मी पहिला मेल टाकला आणि बसले. कोणी बोलेना. मग दुसरीकडे टाकला. मग तिसरीकडे. रिकाम्या घरात या खोलीतून त्या खोलीत हाक मारत जावं ना, तसं. म्हणजे मला प्रश्न विचारतात लोक, नाही असं नाही — खाल्लं का त्यानं, शी झाली का, हिरवी की पिवळी. पण डोकं चालवावं लागेल असं काही… कोणीतरी म्हणावं ना, दित्ते, बरोबर पकडलंस. एवढंच. — हे कशाला सांगितलं मी तुम्हाला? विसरा. टाका सुटला का तुमचा? माझ्यामुळे?

थांबा. थांबा थांबा. वेगवेगळे तीन मेल, चूक ती होती! नव्या माणसांना मी काय सांगायचे? अगदीच तिघांना कळवायचं असेल तर मेल एकच, तिन्ही पत्ते सगळ्यांना दिसतील असे, आणि खाली स्पष्ट लिहा, उत्तरं फक्त अमक्या लिस्टवर. मीच सांगायचे हे! हा बाबागाडीचा दांडा जरा हलवत राहा — हं, तसंच. "काल मी एकच गोष्ट तीन ठिकाणी बोलले, माफ करा. बाही एकदाच उलटवायची आहे. अक्सेलची दुरुस्ती ठेवा, गुद्रुनची काढा. भाषांतरवाल्यांनो, डावीला डावीच म्हणा. उत्तरं फक्त प्रोग्रामवाल्यांच्या लिस्टवर." 'माफ करा' एकदाच पुरे ना? नेहमी चारदा लिहिते मी. — गेला. देवा.

— फोन वाजला. पुन्हा वाजला. अहो, तिसऱ्यांदा? तिन्ही लिस्टवर उत्तर टाकलंय, कोण हा शहाणा, मी स्पष्ट लिहिलंय की फक्त — तोर्किल्ड! ऐका, ऐका: "अक्सेल, ही सोमवारी परत येतेय, तोवर कसाबसा तग धर. इतक्या जणांत बाहीची चूक हिला एकटीलाच दिसली. लिस्ट तिच्याकडे गेली की मी सुटलो." — अक्सेलला एकट्याला लिहायचं होतं त्याला, काकू! बोट चुकलं! सगळ्यांना गेलं, पोर्तुगालपर्यंत!

नाही, रडत नाहीये, थंडी आहे. — आता त्याला नियम कळवायला हवा. गोड शब्दांत. एकाच लिस्टवर. शेवटी हसरा चेहरा. तुम्ही दांडा हलवत राहा, आणि जरा वेळ बोलू नका माझ्याशी काकू — मी कामात आहे.