निकांद्राच्या छातीतली धडधड

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणूस मरणाला भितो. बरोबर? पण ती भीती खरंच मरणाची असते, की मरणाच्या आड दुसरंच काहीतरी दडून बसलेलं असतं? खांबाला टेकलेले काका, मान हलवू नका, उत्तर अजून आलेलंच नाही!

आख्यान ग्रीस देशातलं. आपले जुने लोक त्याला यवनांचा देश म्हणायचे. दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. नावं जरा अवघड आहेत, सांभाळून घ्या. त्यांना तरी कुठं ‘ठणठणपाळ’ म्हणता येणार आहे!

तर समुद्राकाठी एक गाव. तिथं निकांद्र नावाचा पाथरवट. धंदा काय? माणूस गेला की त्याच्या थडग्यावरचा दगड घडवायचा. हात असा, की दगडातली बाई आत्ता पदर सावरेल असं वाटावं! पण एका सकाळी छातीत कळ आली. छिन्नी गळाली, घामाघूम झाला. वैद्य म्हणाला, “काळीज थकलंय बाबा. वर्ष काढशील, नाहीतर आठवडा. मला सांगता यायचं नाही.”

झालं! त्या दिवसापासून याला घास उतरेना. थडग्याचा दगड नुसता दिसला तरी तोंड फिरवायचा. गिऱ्हाइकं आली की सांगायचा — “दुसरीकडं जा!”

अशात एक म्हातारी काठी टेकत दारात आली. दोरिकाबाई. गावातल्या पोरांना तत्त्वज्ञान शिकवायची. पोरांनी विचार करावा म्हणून शिकवायची, आणि आईबाप म्हणायचे, पोरगं उलट बोलायला लागलं! तिकडंही तेच, मंडळी!

म्हणाली, “माझा दगड घडव.”

“बाई, मी ते काम सोडलं.”

“अरे, मला घाई आहे! पोटात गाठ झालीय.”

निकांद्र बघतच राहिला. ही बाई आपलं मरण सांगतेय, की बाजारातली भाजी? “तुम्हाला भीती नाही वाटत?”

दोरिकाबाई दगडावरच बसली. “बस समोर. आमच्यात जाणते लोक दोन गोष्टी सांगतात. एक म्हणतात, देह गेला की जाणीवही गेली. स्वप्नसुद्धा नाही अशी गाढ झोप. झोपेला कुणी भितं का? दुसरे म्हणतात, आत्मा उरतो, पैलतीरी जातो, आधी गेलेले भेटतात. मग तर आनंदच! आता सांग, यातल्या कशाला भितोस?”

निकांद्र जमिनीकडं बघत म्हणाला,

“झोप असेल तर... चालेल, बाई. पण ते दुसरं नको. मला तिथं कुणीही भेटायला नको!”

बघा मंडळी! अख्खं गाव म्हणतं, आपलं माणूस पुन्हा भेटू दे. आणि हा म्हणतो, नको! का?

“कोण आहे तिथं?” बाईनं हळूच विचारलं.

“लिकास. माझा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी होडी उलटली. एकच फळी हाती लागली. मी फळीवर, त्याचा हात माझ्या हातात. फळी बुडायला लागली, आणि... मी हात सोडला. आईला सांगितलं, लाटेनं ओढून नेला.”

दोरिकाबाई म्हणाली, “मरण म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. पण तुझं ओझं पैलतीरावर नाही रे, ते इथंच आहे. आई जिवंत आहे ना?”

“आहे.”

“मग इथं काय करतोस?”

निकांद्र उठला. आईचं घर चार गल्ल्या पलीकडं, पण पोचायला दुपार झाली! आई अंगणात डाळ निवडत होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईचा हात सुपातच थांबला.

“शेवटी काही म्हणाला का?”

“‘दादा’ म्हणाला.”

“जा,” आई म्हणाली. “आत्ता माझ्यासमोर उभा राहू नकोस.”

तीन दिवस! तीन दिवस दार बंद. आई झाली म्हणून लगेच गळ्यात पडते असं नाही, मंडळी. तिचाही लेकच गेला होता!

चौथ्या दिवशी तीच त्याच्या दारात आली. डोळे सुजलेले.

“तू हात सोडलास ते वाईटच केलंस. मी त्याला चांगलं म्हणणार नाही. पण बारा वर्षं मी एकच विचारत होते, माझं लेकरू शेवटी एकटं होतं का? नव्हतं रे. तोवर तू त्याचा हात धरला होतास.”

एवढं बोलली आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. तो चाळीस वर्षांचा बाप्या लहान पोरासारखा रडला! रडता रडता तिथंच उंबऱ्यावर त्याचा डोळा लागला. भर दुपारी, उन्हात! आई शेजारी पदराची सावली धरून बसली.

काळीज बरं झालं का? नाही. कळ यायची ती येतच राहिली. पण आता कळ आली की तो बसायचा, पाणी प्यायचा, पुन्हा कामाला लागायचा. दोरिकाबाईचा दगडही त्यानंच घडवला. ती शेवटपर्यंत थट्टा करायची — “आत्मा उरलाच तर बरं आहे, त्याला गुडघे नसतील!”

आता तुम्हाला विचारतो. आत्मा अमर आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. पाठ आहे! मग छातीत धडधड कशाची? कुणाशी खरं बोलायचं राहिलंय? भावाशी? सुनेशी? बांधापलीकडच्या शेजाऱ्याशी? ते माणूस अजून आहे, मंडळी. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे!

म्हणून आज गजर लगेच नको. टाळ खाली ठेवा, डोळे मिटा. आधी मनात त्या माणसाचं नाव घ्या.

घेतलं?

आता घ्या देवाचं!