फक्त खणू नका

...आणि वर मलाच विचारते, "मॅडम, तुम्हाला घाई आहे का?" अहो, मरायची कसली घाई? माझी जागा शाबूत आहे ना, एवढंच विचारायला गेले होते मी! तुम्हाला सांगते, आमच्या चर्चमागच्या दफनभूमीत माझा नवरा हार्लन झोपलाय, त्याच्या डाव्या हाताला माझी जागा, दगडावर माझं नावसुद्धा कोरून ठेवलंय, लर्लीन, जन्मसाल घातलंय, पुढचं तेवढं रिकामं... आणि ही वीज कंपनीची पोरगी, डोक्यावर पांढरं हेल्मेट, दफनभूमीत हेल्मेट! वरून काय पडणार होतं, देवदूत? गोड हसून म्हणते, "माती अगदी चांगली आहे, मॅडम. फक्त खणू नका."

खणू नका! मग मला काय चादरीसारखं वरून अंथरणार?

झालंय काय, दफनभूमीची ती उतरण पावसात वाहून जायची. तेव्हा ह्याच कंपनीने मोठ्या मनाने भराव दिला. कसला? त्यांच्या कोळशाची राख! फुकट! आमचे रेव्हरंड स्टूक्स तर गहिवरलेच, "प्रभूची कृपा आणि कंपनीची राख!" भिंतीवर आभाराची पाटी काय, आम्ही बायकांनी तळलेली कोंबडी काय... आणि ट्रक कोण चालवत होतं? माझा हार्लन! कंपनीतच नोकरीला ना तो. खेपांवर खेपा टाकल्या, सपाट केलं, वर गवत पेरलं. घरी यायचा तेव्हा नुसते डोळे दिसायचे. मी म्हणायचे, "अरे, नाकाला फडकं तरी बांध." तर म्हणे, "लर्लीन, राखच ती. राखेने कोणाचं काय बिघडलंय?"

तो गेला तेव्हा त्याच भरावात बिनबोभाट खड्डा मिळाला हो. आता सरकारने नवा नियम काढलाय, राखेत म्हणे विष असतं. काय सांगता! आणि जो राख उकरेल, सफाईची जबाबदारी त्याची. झालं! आमचा कबरी खणणारा डेल्बर्ट, एवढा आडदांड गडी, फावडं टाकून पळाला. "काकू, तुमच्यासाठी जीव देईन, पण एक फावडं मारलं की अख्खी टेकडी माझ्या गळ्यात!"

कंपनीला गाठलं. कंपनी म्हणते, "आम्ही दान दिलं, आता ती चर्चची." चर्चला गाठलं. रेव्हरंड म्हणतात, "आपण प्रार्थना करू." सरकारी साहेबाला फोन लावला, तो म्हणतो, "माती चांगली आहे, फक्त..." म्हटलं, खणू नका! पाठ झालंय!

बरं, हार्लनलाच दुसरीकडे हलवा म्हटलं, तर हेल्मेटवाली खाली बघत म्हणते, "नियमाप्रमाणे ते आता... दूषित भरावात मोडतात." भराव! अहो, जन्मभर संसार केला मी त्या भरावाशी! घोरायचा किती तो भराव! ...हसू नका. तिथेच, तिच्यासमोर, रडू फुटलं मला. त्याच्या शेजारी झोपायचंय, एवढंच मागतेय ना मी?

पण नाही. ती राख कंपनी अंगावर घेत नाही, चर्च घेत नाही, सरकार तर नाहीच नाही. अख्ख्या गावात अंगावर घेतली ती एकट्या माझ्या हार्लनने. पडलाय बिचारा, घेऊन.

आणि मी? परवा डॉक्टर म्हणाले, "तब्येत अगदी चांगली आहे, मॅडम." म्हटलं, हो, ठाऊक आहे... फक्त मरू नका!